तेलाचं प्रेशर, खिशाचं प्रेशर!

काय मंडळी, गाडी रिमॅप केली म्हणे? सही! सोमवारी कँटीनमध्ये चहाच्या कपाबरोबर बातमी फुटलीच असणार. ‘अरे, पिकअप जाम वाढलाय. तिसऱ्या गिअरमध्ये दाबली की सीटला चिकटतो आपण!’ बाकीच्या कलीग्जच्या डोळ्यांत हेवा, आपली कॉलर टाइट. पंधरा दिवस मजेत जातात. मग एखाद्या शनिवारी नगर रोडला शिक्रापूरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी रांगत असते, एसी फुल, बाहेर एप्रिलचं ऊन. आणि डॅशबोर्डवर एक छोटासा लाल दिवा लुकलुकतो. किटलीसारखा. चोचीतून एक थेंब पडतोय असा.

दोस्तांनो, तो अल्लाउद्दीनचा दिवा नाही. घासला तर जिनी येत नाही, टो-व्हॅन येते!

त्या दिव्याचं नाव ऑइल प्रेशर वॉर्निंग. गाडीत इतरही बरेच दिवे आहेत. ‘सर्व्हिस ड्यू’चा दिवा महिनाभर दुर्लक्ष केलं तरी माफ करतो. हा मिनिटभरही माफ करत नाही. म्हणून या आठवड्याचा फंडा एकच: अपग्रेडनंतर ऑइल प्रेशरची तक्रार आली, तर अंदाज बांधायचा नाही. मोजायचं. आणि शहाणे असाल तर अपग्रेडच्या आधीच मोजायचं.

इंजिन आपल्या शेजारचं

या विषयाला नगर रोडच का, तर रिमॅपवाल्यांचं एक लाडकं इंजिन याच रस्त्यावर जन्मलं. शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत. महागणपतीला जाता-येता फियाटची पाटी तुम्ही पाहिलीच असेल. २००६-०७ च्या सुमारास फियाट आणि टाटा इथे भागीदार झाले आणि मग या कारखान्यातून १.३ मल्टिजेट डिझेल इंजिनं बाहेर पडू लागली. १२४८ सीसीचं चिमुकलं इंजिन. २००५ मध्ये त्याने आपल्या गटात ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ पटकावलं होतं. फियाटच्या लिनिया आणि पुंटोमध्ये ते होतंच, टाटाच्या व्हिस्टा आणि मांझामध्ये ‘क्वाड्राजेट’ नावाने होतं. मारुतीने याच इंजिनाला ‘डीडीआयएस’ म्हटलं. मारुतीचा स्वतःचा कारखाना हरयाणात होता, तरीही २०१२ मध्ये तिने रांजणगावातून वर्षाला एक लाखापर्यंत इंजिनं घ्यायचा करार केला. लोक त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायचे ते उगीच नाही. २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि या इंजिनाचा भारतातला प्रवास संपला. आज रांजणगावातून जीप आणि टाटाच्या गाड्या निघतात. पण सेकंडहँड बाजारात मल्टिजेटवाल्या गाड्या अजून भरपूर आहेत, आणि पहिली नोकरी, पहिली गाडी, पहिला रिमॅप अशी चेन त्यांच्यावरच लागते.

आता गंमत बघा. हेच इंजिन कंपनीनेही दोन ताकदींत विकलं. एक ७५ हॉर्सपॉवरच्या घरातलं, दुसरं ९० च्या पुढचं. सीसी तेवढेच, सिलिंडर तेवढेच. म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर बदललं की झालं? नाही बॉस! ताकदवान मॉडेलमध्ये टर्बोच वेगळा होता, आतल्या पंखांचा कोन बदलणारा. पेट्रोलमध्येही तेच. लिनिया टी-जेट २०१० मध्ये आली तेव्हा तिचं १.४ टर्बो इंजिन साधारण ११४ हॉर्सपॉवरचं होतं. २०१५ मध्ये पुंटो अबार्थ आली ती १४५ ची. कंपनी ताकद वाढवते तेव्हा नवं गणित हजारो तास टेस्ट बेंचवर पळवून बघते. आपण वाढवतो तेव्हा लॅपटॉप जोडतो, एक फाइल चढवतो आणि चहा संपायच्या आत ‘हो गया सर’ ऐकतो. इंजिनाच्या पोटातलं बाकी सगळं तेच, तेवढंच जुनं. ऐंशी हजार किलोमीटर पळालेलं.

प्रेशर म्हणजे नक्की काय?

बऱ्याच जणांना वाटतं, ऑइल पंप प्रेशर ‘तयार’ करतो. पंप फक्त तेल ढकलतो. एका फेऱ्याला ठरावीक तेल. प्रेशर तयार होतं ते पुढे होणाऱ्या अडवणुकीमुळे. बागेतला पाइप आठवा. तोंड मोकळं सोडलं तर पाणी पायाशी पडतं. अंगठा ठेवला की कुंपणापलीकडे जातं. पाणी तेवढंच, नळ तोच. फरक अंगठ्याचा.

इंजिनात हा अंगठा म्हणजे बेअरिंगमधली फट. क्रँकशाफ्ट आणि त्याचं बेअरिंग यांच्यामध्ये माणसाच्या केसाहून बारीक जागा असते, मिलिमीटरचा काही शतांश भाग. त्या जागेत तेलाचा थर असतो आणि क्रँक त्या थरावर तरंगतो. धातूला धातू लागतच नाही. पण बेअरिंग झिजलं आणि फट वाढली की तेल सैल सुटतं. फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट नाही, जवळजवळ आठपट होते. पंप तोच, तेल तेवढंच, पण अंगठा निघाला. प्रेशर बसलं!

दुसरा खेळाडू म्हणजे तेलाचा घट्टपणा. थंड तेल मधासारखं, तापलेलं तेल पाण्याकडे झुकणारं. म्हणून सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्रेशर झकास दिसतं आणि दुपारी सणसवाडीच्या ट्रॅफिकमध्ये त्याचं तोंड उतरतं. लक्षात ठेवा, काट्याचं खरं बोलणं गरम इंजिनावरच ऐकायचं.

अपग्रेडने बिघडतं काय?

रिमॅप केल्याने ऑइल पंप काही रुसून बसत नाही. पण तीन गोष्टी होतात. एक, जास्त डिझेल आणि जास्त हवा जळते म्हणजे उष्णता वाढते. पिस्टन, टर्बो, सगळ्यांची उष्णता शेवटी तेलातही येते आणि तेल जास्त पातळ होतं. दोन, पिस्टनवरचा दाब वाढला की बिग एंड बेअरिंगवरचा भार वाढतो. आधीच अर्धं झिजलेलं बेअरिंग आता भराभर झिजतं. तीन, जास्तीचं इंधन नीट जळलं नाही तर सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि तेलात मिसळतं. तेलात डिझेल म्हणजे ताकात पाणी. पातळी वाढते, दम जातो.

मल्टिजेटसारख्या इंजिनात याची किंमत आणखी जास्त. या इंजिनात बेल्ट नाही, टायमिंग चेन आहे. चेनला ताण देणारा टेन्शनर तेलाच्या प्रेशरवर चालतो. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे मारतो, तोही तेलाच्याच थरावर. आणि चेंबरमध्ये तेल असतं किती? जेमतेम तीन लिटरच्या आसपास. त्यातलं लिटरभर कमी झालं तर एक तृतीयांश फौजच गायब! म्हणजे प्रेशर गेलं तर नुसता ‘खडखड’ आवाज येत नाही. बेअरिंग, टर्बो आणि चेन, तिघांचं बिल एकदम येऊ शकतं.

थोडक्यात, अपग्रेड बहुतेक वेळा नवा आजार आणत नाही, दबलेला आजार बाहेर काढतो. लिफ्टने जाणाऱ्याला दम लागत नाही. एकदा सिंहगड चढायला लावा, मग कळतं.

दौंडचा धडा

शिरूरहून न्हावरे, पारगाव, केडगाव करत चौफुल्याला उतरलात की तुम्ही दौंड तालुक्यात असता. वाटेत भीमा ओलांडायची, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे मुकाट रांगायचं. पुढे पाटसवरून दौंड. रेल्वेचं गाव. विजेच्या तारा आल्या त्याआधी वर्षानुवर्षं या जंक्शनमधून डिझेल इंजिनं गाड्या ओढत होती. त्यातलं एक जुनं घराणं म्हणजे अल्को कंपनीच्या डिझाइनचं सोळा सिलिंडरचं इंजिन. आपल्या रेल्वेने त्याचं जे केलं, तो देशातला सगळ्यात मोठा ‘परफॉर्मन्स अपग्रेड’ म्हणायला हरकत नाही.

१९६० च्या दशकात आलेलं डब्ल्यूडीएम-२ इंजिन २६०० हॉर्सपॉवरचं होतं. पुढे तेच डब्ल्यूडीएम-३ए या रूपात ३१०० चं झालं. सोळा सिलिंडर तेच, घराणं तेच. पण रेल्वेने नुसती ‘फाइल’ चढवली नाही. जास्त कार्यक्षम टर्बो बसवला, हवा गार करणारा आफ्टरकूलर मोठा केला, इंधनाचे पंप आणि पिस्टनही बदलले. ताकद वाढवायची तर उष्णतेची आणि भाराची सोय आधी, हा साधा हिशेब.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. या रेल्वे इंजिनांत तेलाचं प्रेशर ठरावीक मर्यादेखाली गेलं तर इंजिन स्वतःच बंद पडतं. पाठीमागे अठरा डबे असोत की मालगाडी असो. ड्रायव्हरला विचारत नाही, ‘चालेल का साहेब?’ म्हणत नाही. कारण सोळा सिलिंडरचं इंजिन जाम होण्यापेक्षा गाडी लेट झालेली परवडते. तुमच्या-माझ्या बहुतेक गाड्यांत मात्र ही सोय नाही. तिथे फक्त दिवा लागतो. इंजिन बंद करण्याचं काम आपल्याला करायचं असतं. आणि नेमकं तिथेच आपण म्हणतो, ‘पुढचा ढाबा आला की बघू.’

पुढचा ढाबा नाही! चालू गाडीत लाल किटली पेटली की इंडिकेटर द्या, शोल्डरला घ्या, इंजिन बंद करा. रेज करून ‘दिवा जातो का’ ते बघू नका. पुन्हा स्टार्ट मारून ‘आता ठीक आहे’ असं मनाचं समाधान करू नका. दहा सेकंदांचा हा निर्णय आणि इंजिन खोलण्याचं बिल, यातलं काय स्वस्त ते तुम्हीच ठरवा.

पहिला टेस्ट फुकट

गाडी सपाट जागेवर. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, तेल चेंबरमध्ये उतरू द्या. मग डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घाला, पुन्हा काढा. तेल मिनिमम-मॅक्सिममच्या मध्ये हवं. कमी असेल तर गळतंय की जळतंय ते शोधा. टर्बोवाल्या गाड्या ताणून पळवल्या की थोडं तेल खातात. मॅक्सिममच्या वर गेलं असेल तर खूश होऊ नका. ‘तेल वाढलं’ म्हणजे त्यात डिझेल मिसळलेलं असू शकतं. बोटावर घेऊन वास घ्या, डिझेलचा वास लपत नाही. बीएस-६ डिझेलमध्ये धुराचा फिल्टर साफ करण्यासाठी जादा डिझेल मारलं जातं. रोज पाच-सात किलोमीटरचंच ऑफिस असेल तर ही साफसफाई अर्धवट राहते आणि ते डिझेल तेलात उतरतं. तेल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर त्यात कूलंट शिरलंय. मग गाडी हलवूच नका.

दुसरा टेस्टही फुकट. दिवा नेमका कधी लागतो ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा. मेकॅनिकला ‘कधीकधी लागतो’ सांगणं म्हणजे डॉक्टरला ‘कुठेतरी दुखतं’ सांगण्यासारखं आहे.

दिवा फक्त गरम इंजिनावर, सिग्नलला उभं असताना लुकलुकतो आणि थोडं रेज केलं की जातो? संशय पातळ झालेल्या तेलावर किंवा झिजलेल्या बेअरिंगवर.

वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर लागतो? तेल कमी आहे. चेंबरमधलं तेल एका बाजूला पळतं आणि पंपाच्या नळीत हवा शिरते.

उलट, रेज वाढवल्यावर प्रेशर पडतं? चेंबरमधली जाळी काजळीने नाहीतर गॅस्केटच्या गोंदाने तुंबली असावी. पंपाला जास्त तेल हवंय, पण नळीत स्ट्रॉसारखं ओढूनही येत नाही.

सकाळच्या पहिल्या स्टार्टला दोन-चार सेकंद जास्त रेंगाळतो, मग दिवसभर नाही? फिल्टरवर लक्ष द्या. रात्रभर तेल धरून ठेवणारा व्हॉल्व्ह नसलेला किंवा चुकीचा फिल्टर बसवला की पहाटे सगळ्या नळ्या रिकाम्या असतात.

दिवा कायम लागलेला, पण इंजिनाचा आवाज एकदम शांत? कदाचित सेन्सर किंवा वायर खराब. ‘कदाचित’ हा शब्द नीट वाचा. सेन्सरच खराब आहे, हा निष्कर्ष मोजल्यावर काढायचा, आधी नाही!

गेज लावा, गप्पा नकोत

आता खरी टेस्ट. ऑइल प्रेशरचा स्विच काढून त्याच आट्यांवर मेकॅनिकल प्रेशर गेज लावायचा. ही घड्याळासारखी तबकडी बऱ्याच चांगल्या गॅरेजमध्ये असते. नसेल तर गॅरेज बदला. स्कॅनरवर ‘नो फॉल्ट’ आलं म्हणून समाधान मानू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत ईसीयूला प्रेशर किती हे कळतच नाही. त्याला फक्त ‘दिवा चालू’ किंवा ‘दिवा बंद’ एवढंच ठाऊक असतं.

आणि इथे सगळ्यात मोठी गंमत आहे. तो दिवा बहुतेक गाड्यांत साधारण ०.३ ते ०.५ बारला लागतो. म्हणजे प्रेशर जवळजवळ संपल्यावर! दिवा बंद आहे म्हणजे तब्येत उत्तम, असं नाही. दिवा बंद आहे म्हणजे रुग्ण अजून आयसीयूत पोचलेला नाही, एवढंच. महामार्गावर चार हजार आरपीएमला चार बार हवं तिथे दीड बार असेल, तरी दिवा एक शब्द बोलणार नाही.

चार आकडे घ्या. थंड इंजिन आयडलिंगला. मग गाडी वीस-पंचवीस मिनिटं चांगली पळवा, कारण कूलंटचा काटा मध्यावर आला तरी तेल अजून तापलेलं नसतं. परत येऊन गरम आयडलिंगला, गरम २००० आरपीएमला आणि गरम ३००० ला. आकडे लिहा, तेलाचा ग्रेड आणि तारीख लिहा. रेसिंगवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे: दर हजार आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार. बऱ्याच गाड्यांत गरम आयडलिंगला एक बारच्या आसपास आणि ३००० ला तीन-चार बार दिसतं. पण हा ठोकताळाच. शेवटचा शब्द तुमच्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलचा.

ज्यांनी हौसेने डॅशवर वेगळा इलेक्ट्रिक गेज लावलाय, त्यांच्यासाठी एक टिप. सेन्सरच्या आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळली असेल तर काही सेन्सरना इंजिनाची अर्थिंगच मिळत नाही आणि काटा वेड्यासारखा नाचतो. हजारोंचं इंजिन काम काढण्याआधी ती टेप बघा!

जाड ऑइलचा जुगाड

गेजवर आकडा कमी दिसला की गॅरेजमधून एक हमखास सल्ला येतो. ‘साहेब, जाड ऑइल टाकू, दिवा जाईल.’ आणि खरंच जातो! म्हणून तर हा जुगाड इतका पॉप्युलर आहे.

ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं. त्यातला ४० हा आकडा १०० अंश तापमानाला तेल किती घट्ट आहे ते सांगतो. त्याजागी २०डब्ल्यू-५० टाकलं की तेल जास्त घट्ट, बेअरिंगच्या फटीतून कमी सुटतं आणि काटा वर चढतो. पण फट गेली का? नाही. तिच्यावर पडदा टाकला. वर पहाटेच्या थंडीत हे जाड तेल टर्बोपर्यंत उशिरा पोचतं, टेन्शनरपर्यंत उशिरा पोचतं. झिजलेल्या बेअरिंगचा आजार तसाच राहिला आणि टर्बोला नवा आजार दिला. प्रेशर वाढलं, पण पोचणारं तेल कमी झालं. इंजिनाला काट्यावरचा आकडा नकोय, तेल हवंय.

दुसरा जुगाड म्हणजे पंपाच्या रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग कडक करणं. हा व्हॉल्व्ह जास्तीचं प्रेशर सोडून देतो. तो उघडा अडकला तर प्रेशर पडतं, बंद अडकला तर थंडीत इतकं चढतं की फिल्टरचं सील फुटू शकतं. पण गरम आयडलिंगला तो मुळात बंदच असतो. म्हणजे आयडलिंगला लागणाऱ्या दिव्यावर कडक स्प्रिंग हा इलाजच नाही. ताप आलाय आणि चष्म्याचा नंबर बदलतोय!

फिल्टर कापा, मग चेंबर

आकडे खरंच कमी असतील तर पुढची पायरी स्वस्त आहे. ऑइल फिल्टर काढा, कागद उलगडून उन्हात धरा. तेलात काजळी असणं डिझेलला नवीन नाही. पण चमकणारे कण दिसले तर थांबा. मॅग्नेटला चिकटले तर लोखंड किंवा स्टील. न चिकटणारे करडे किंवा तांबूस चकचकीत कण असतील तर बेअरिंगचं कातडं सोलतंय.

मग ऑइल चेंबर खोलायचा. आधी जाळी बघायची. इंजिन आधी एकदा खुललं असेल, तर गॅस्केटला भरमसाट लावलेल्या सिलिकॉनच्या शेवया जाळीत अडकलेल्या सापडतात. अपग्रेडच्या नावाखाली मोठा टर्बो बसवला असेल, तर त्याची तेलाची नळी तपासा. काही टर्बोंना नळीत बारीक छिद्राचा रिस्ट्रिक्टर लागतो. तो विसरला तर तेल टर्बोकडेच पळतं आणि बेअरिंगला कमी पडतं. हे सगळं ठीक असेल तर बेअरिंग कॅप उघडून फट मोजायची. त्यासाठी प्लास्टिगेज नावाची मेणाच्या धाग्यासारखी बारीक पट्टी मिळते. ती किती चपटी झाली त्यावरून फट कळते. या क्रमाने गेलं तर शंभरातलं काम शंभरात होतं. उलट्या क्रमाने गेलं तर इंजिन खाली उतरवल्यावर कळतं की सेन्सरची वायर तुटली होती.

आधी मोजा, मग ट्यून करा

म्हणून अजून रिमॅप केला नसेल त्यांना सांगणं आहे. लॅपटॉपवाल्याकडे जायच्या आधी गॅरेजमध्ये एक तास द्या. कॉम्प्रेशन टेस्ट, प्रेशरचे ते चार आकडे, डिपस्टिक, नवं तेल आणि कंपनीने सांगितलेलाच फिल्टर. आकडे आधीच काठावर असतील तर रिमॅपचे पैसे बेअरिंगमध्ये घाला. रिमॅप झाल्यावर हजार किलोमीटरनी पुन्हा तेच चार आकडे घ्या. दोन्हींत फरक दिसला तर तुमच्या हातात पुरावा आहे. ट्यूनरशी भांडायलाही, मेकॅनिकशी बोलायलाही. तेल बदलण्याचं अंतर कमी करा आणि गाडी ताणून पळवल्यावर लगेच किल्ली फिरवू नका. मिनिटभर आयडलिंगला ठेवा, टर्बोला श्वास घेऊ द्या.

आणि हो, कायद्याचा मुद्दा आहेच. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की नोंदणीतल्या आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. वॉरंटी तर फाइल चढताक्षणी धोक्यात येते आणि इन्शुरन्सच्या क्लेमलाही फाटा फुटू शकतो. त्यामुळे कॉलर टाइट करण्याआधी कागदही बघा.

स्पीडची हौस वाईट नाही. चौफुल्याच्या पुढे सोलापूर रोड मोकळा मिळाला की कुणाचाही उजवा पाय जड होतो. पण दौंडच्या सिग्नलला लाल दिसल्यावर कुठलाही लोको पायलट ‘पुढच्या स्टेशनला बघू’ म्हणत नाही. तुमच्या डॅशवरचा तो पिटुकला लाल दिवाही सिग्नलच आहे. या वीकेंडला निघण्याआधी एवढंच करा: बॉनेट उघडा, डिपस्टिक काढा, पुसा, बघा. दोन मिनिटांचं काम. हात काळे होतील, पण चेहरा काळा होणार नाही!